वाकून करायचं काम

तरणा पाऊस लागला की आमच्याकडे रोप लावण सुरू होते. तरणा म्हणजे पुनर्वसू, आणि त्याच्या पाठोपाठ येणारा पुष्य तो म्हातारा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात भाताचं वर्ष या दोन पावसांत ठरतं. खाचरात चिखल करून ठेवलेला असतो. सकाळी तरव्यातली रोपं उपटायची, मुळांची माती पाण्यात खळबळून काढायची, मुठी बांधून बांधावर रचायच्या. मग डोक्यावर इरलं नाहीतर प्लॅस्टिकची खोळ घेतलेल्या आठ-दहा बायका एका रांगेत वाकतात आणि दिवस मावळेपर्यंत मागं मागं सरकत राहतात.

त्याच खाचरात एक-दोन गडी असतात. एकजण पुढच्या तुकड्यात बैलांनी नाहीतर पॉवर टिलरनं चिखल करतो. दुसरा मुठी फेकतो, बांध लिंपतो, पाण्याला वाट करून देतो. तेही दिवसभर भिजतात, त्यांचंही अंग दुखतं. पण लहानपणी बांधावर बसून मी जे पाहायचे त्याचा अर्थ लागायला मला पुष्कळ वर्षं लागली. गडी उभे असायचे. बायका वाकलेल्या असायच्या.

हे पुस्तक राधानगरी तालुक्यातल्या रानात राबणाऱ्या बायकांनी आपल्या कामाविषयी जे सांगितलं त्याचं आहे. प्रस्तावना लिहिणारीनं पुस्तकाच्या वाटेत फार वेळ उभं राहू नये, हे मला कळतं. तरी हा विषय ज्यांच्या अंगवळणी नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या इतका अंगवळणी आहे की तो दिसेनासा झाला त्यांच्यासाठीही, थोडं विस्तारानं लिहिते आहे.

आमच्या भागातली वर्षभराची कामं डोळ्यांसमोर आणून बघा. रोप लावायचं वाकून. भांगलण खुरप्यानं, वाकून नाहीतर उकिडवं बसून सरकत. नाचणीचा तरवा लावायचा वाकून. भुईमुगाच्या शेंगा वेचायच्या बसून. उसाच्या सरीत कांडी दाबायची वाकून, बुडक्यात मुठीमुठीनं खत टाकायचं वाकून. ही सगळी बायकांची कामं. नांगरट, कुळवणी, कुरीनं पेरणी, पाणी पाजणं, औषध मारणं, उसाची भरणी ही गड्यांची, आणि बहुतेक उभ्यानं व्हायची. भात कापणी दोघांची. रात्रीची लाईट असली की पाणी पाजायला गड्यालाच जावं लागतं. काळोखात साप असतो, कधी गवा असतो. त्या कामातली भीती मी कमी लेखत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की कामांची ही वाटणी ताकदीवर झालेली नाही. दिवसभर कमरेत वाकून राहायला लागणारी ताकद नांगराच्या रुमण्यावर हात ठेवायला लागणाऱ्या ताकदीपेक्षा कमी कशी म्हणायची?

आणि पगार या वाटणीला धरूनच ठरतो. आमच्याकडे रोजच्या मजुरीलाही पगारच म्हणतात. बाईचा पगार वेगळा, गड्याचा वेगळा. गावागणिक, हंगामागणिक आकडा बदलतो, पण बाईचा आकडा खालचा असतो ही गोष्ट बदलत नाही. लावणीच्या ऐन घाईत बायका मिळेनाशा झाल्या की तो चढतो, कुणी टेंपो पाठवतो, कुणी दुपारच्या चहाबरोबर बिस्किटं देतो. घाई सरली की आकडा पुन्हा जागेवर. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: गड्याचं काम जड असतं. माझी आई तीस वर्षं रोजगाराला गेली. चिखलात राहून पावसाळाभर तिच्या पायांच्या बोटांना चिखल्या व्हायच्या, रात्री ती त्यांना हळद आणि तेल लावून बसायची. जड म्हणजे काय, हे कुणी कधी तराजूत घालून पाहिलं होतं, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. तिला सुचला असेल. ती बोलली नाही.

कायदा यावर कधीच बोलला आहे. 1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. त्या वर्षी समान वेतनाचा वटहुकूम निघाला आणि 1976 मध्ये त्याचा कायदा झाला. 2019 च्या वेतन संहितेत तोच पुढं सामावला गेला. एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला स्त्री-पुरुष भेद न करता एकच वेतन, असं त्याचं सांगणं. शेतात येऊन तो जिथं अडकतो ती जागा ‘सारख्या स्वरूपाच्या’ या शब्दांची आहे. रोप लावणारा गडी आमच्या रानात सापडत नाही, आणि औषधाचा पंप पाठीला मारलेली बाईही क्वचितच दिसते. दोघांची कामंच वेगळी ठेवली की तुलना कुणाची कुणाशी करणार? कायदा न मोडताही बाईचा पगार कमी राहू शकतो, तो असा.

सरकारी हजेरीपटावर मात्र वेगळं घडलेलं आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर पोचली. 26 जानेवारी 1979 पासून तिला कायद्याचा आधार मिळाला. तिथं मोजमाप खोदलेल्या मातीचं होतं आणि दर बाई-गडी बघून ठरत नव्हता. पुढं 2005 च्या केंद्राच्या कायद्यानंही तेच तत्त्व धरलं, कामावर पाळणाघराची तरतूद ठेवली. त्या योजनांतल्या दिरंगाईविषयी, थकलेल्या मजुरीविषयी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. तरी काम मोजलं की पगार सारखा देता येतो, एवढं त्या मातीच्या खड्ड्यांनी दाखवून दिलं. रानातलं काम मोजायचं कुणी मनावर घेतलं नाही.

अवजारांची गोष्ट याहून बोलकी आहे. भांगलणीला खुरपं. हातभर लांबीचंसुद्धा नाही, बाईला जमिनीशी बांधून ठेवणारं. भात ओळीत लावलं तर दोन ओळींमधून उभ्यानं ढकलत न्यायचं कोळपं चालतं. सायकलच्या चाकाचं कोळपं बाजारात येऊन पुष्कळ वर्षं झाली. ते आलं तेव्हा बऱ्याच घरांत गड्यांच्या हातात गेलं. तणनाशक आलं तेव्हा पंपही गड्यांच्या पाठीवर चढला. उसाच्या रानात दहा बायकांची चार दिवसांची भांगलण एका गड्याच्या एका सकाळीत उरकू लागली, आणि बायकांचे तेवढे दिवस बुडाले. लावणीची यंत्रंही हळूहळू येत आहेत. ती चालवताना कोण दिसतं ते पाहावं. वाकून करायचं काम बाईचं, पण तेच उभ्यानं करता येईल असं काही आलं की ते काम तिच्या हातून जातं. वाकण्याची सुटका तिच्या वाट्याला येत नाही, रोजगार बुडणं येतं.

मला वाटायचं हे आपल्याच मुलखाचं दुखणं. आफ्रिकेतल्या शेतीविषयी वाचू लागले तेव्हा ते दूरचं राहिलं नाही. सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत शेती मोठ्या प्रमाणात हाताच्या कुदळीवर चालते आणि ती कुदळ पुष्कळदा बाईच्या हातात असते. संयुक्त राष्ट्रांच्या कृषिविकास निधीनं बुर्किना फासो, सेनेगल, युगांडा, झांबिया आणि झिंबाब्वे या पाच देशांत बायकांच्या अवजारांची पाहणी केली, तिचा अहवाल 1998 मध्ये आला. पुष्कळ ठिकाणी आखूड दांड्याची कुदळ चालते, कंबर मोडते, तरी लांब दांडा घ्यायला बायका कचरतात. उभ्यानं खणणारी बाई आळशी समजली जाते, हे त्यामागचं एक कारण त्या अहवालात आलेलं आहे. वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. आमच्या बांधावर हीच गोष्ट मी ऐकलेली होती. रांगेतली एखादी पोर कंबर धरून क्षणभर सरळ झाली की मागून हाक यायची, “काय गं, पाहुणी आलीस काय?”

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मेक्सिकन मजुरांच्या हातात अशीच आखूड दांड्याची कुदळ दिली जात असे. उभा माणूस म्हणजे काम न करणारा, हे मुकादमाला लांबून दिसावं ही तिची सोय. मजूर न्यायालयात गेले आणि 1975 मध्ये त्या राज्यात ती कुदळ बंद झाली. दांड्याची लांबी हा न्यायाचा प्रश्न होऊ शकतो, हे तिथल्या मजुरांनी आणि वकिलांनी सिद्ध केलं. इकडे आपण समान वेतनाचा कायदा करत होतो, नेमक्या त्याच वर्षी. खुरप्याकडे आपलं लक्ष गेलं नाही.

जगाचा आकडा पाहायचा तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 2023 चा अहवाल आहे. शेती आणि शेतीशी जोडलेल्या मजुरीत पुरुषाला 1 रुपया मिळतो तिथं बाईला सरासरी 82 पैसे. सारख्याच आकाराच्या शेतात बाईच्या हातची उत्पादकता पुरुषाच्या तुलनेत 24 टक्क्यांनी कमी भरते. ती कामात कमी पडते म्हणून नव्हे, तर बियाणं, खत, पाणी, कर्ज, अवजार आणि सल्ला तिच्यापर्यंत उशिरा पोचतात किंवा पोचतच नाहीत म्हणून. मलावीत रोजंदारीच्या तुकडाकामाला गान्यू म्हणतात. स्वतःच्या तुकड्यात मक्याची भांगलण करायची वेळ असते तेव्हाच घरातलं धान्य संपलेलं असतं, म्हणून तिथली बाई आधी दुसऱ्याच्या रानात गान्यूला जाते आणि स्वतःच्या रानातलं तण मागं राहतं. आमच्याकडे धनगरवाड्यांवरच्या आणि अर्ध्या एकराच्या मालकिणींना हे समजावून सांगावं लागणार नाही. त्यांचं रोपही शेवटी लागतं, सगळ्या गावाचं लावून झाल्यावर.

मालकिणी हा शब्द मी लिहिला खरा, पण कागदावर त्या मालकिणी किती?

राधानगरी हे गावाचं नाव एका मुलीचं आहे. छत्रपती शाहू महाराजांची कन्या राधाबाई, आक्कासाहेब महाराज, यांच्या नावानं 1908 मध्ये ही वसाहत झाली. भोगावतीवर महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाच्या तलावाला राणीसाहेबांचं, लक्ष्मीबाईंचं नाव मिळालं. काम 1909 च्या सुमारास सुरू झालं, पैशाअभावी थांबलं, पुन्हा चालू झालं आणि स्वातंत्र्यानंतर 1950 च्या दशकात पुरं झालं. पाणी भरलं की आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे आजही पाहायला लोक येतात. लक्ष्मी तलावाचं पाणी भोगावतीतून, पुढं पंचगंगेतून जातं, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागं अडतं, मोटारीनं उचललं जातं आणि उसाच्या सरीत शिरतं. कोल्हापूर जिल्ह्याची ही सगळी हिरवाई तिथून सुरू होते. ज्या राजानं 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, 1919 मध्ये बायकांना क्रूरपणे वागवणाऱ्यांविरुद्ध कायदा केला, वेठ बंद केली, त्याच्या संस्थानातली ही भूमी. म्हणून इथल्या बाईच्या कामाचा प्रश्न मला अधिक टोचतो.

पाणी संस्थेचं असतं. पाणीपुरवठा संस्थेचा सभासद व्हायचं तर सातबारा लागतो. साखर कारखान्याचा सभासदही जमिनीच्या उताऱ्यावर होता येतं. आमच्या तालुक्याचा ऊस बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा कारखान्याला जातो, परित्याच्या भोगावतीला जातो. उसाची नोंद, तोडीची पाळी, बिल, सभेतलं मत, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला. विकास सोसायटीचं पीककर्ज त्याच नावाला, पीएम किसानचा हप्ता त्याच नावाला. कांडी जिनं दाबली, भांगलण जिनं केली, वाळला पाला काढताना जिचे हात कोपरापर्यंत चिरले, ती या साखळीत कुठल्याच कागदावर येत नाही. देशात शेती कसणारे खातेदार मोजले 2015-16 च्या कृषी गणनेत, त्यात बायका सुमारे 14 टक्के होत्या. आणि ग्रामीण भारतातल्या काम करणाऱ्या दर चार बायकांमधल्या साधारण तीन शेतीत आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

कायदा इथंही मागं नाही. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मसिद्ध वाटा दिला, देशानं 2005 मध्ये. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की 2005 ला वडील हयात होते की नव्हते यानं मुलीच्या हक्काला बाध येत नाही. पण तलाठ्याकडे वारसनोंद लागायच्या सुमाराला बहिणींना माहेरी बोलावणं येतं. जेवण होतं, साडी होते, आणि हक्कसोड पत्रावर सह्या होतात. भावाशी वाकडेपण नको, पंचमीला जायला एक दार उघडं राहावं, एवढाच त्या सहीमागचा हिशेब असतो. त्या सहीला भित्रेपणा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. जिला सासरच्या सातबाऱ्यावर जागा नाही ती माहेरचं दार जपणार नाही तर काय करणार?

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ही गाठ ओळखली होती. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचा प्रचंड मेळावा झाला. त्यानंतर काही वर्षांतच लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली: शेतकऱ्यानं आपल्या हयातीतच, आपणहून, जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावावर करावा. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी तो केला. सरकारला काही मागणाऱ्या चळवळी आपण पुष्कळ पाहिल्या. नवऱ्याला मागणारी ही चळवळ वेगळी होती. तिचं पुढं जे व्हायला हवं होतं ते झालं नाही याचं मला फार वाईट वाटतं. आफ्रिकेत हे काम सरकारांनी हाती घेतलं. इथिओपियात जमिनीच्या प्रमाणपत्रावर नवरा-बायको दोघांची नावं घातली गेली, अम्हारा प्रांतात तर दोघांचे फोटोही. रवांडानं गेल्या दशकाच्या सुरुवातीला देशभरच्या जमिनीची नोंद केली तेव्हा विवाहित जोडप्यांची नावं बरोबरीनं लागली. तिथंही कायदेशीर लग्न न झालेल्या बायका बाहेर राहिल्या, म्हणजे सगळं साधलं असं नाही. तरी डोंगराळ, गरीब, छोट्या तुकड्यांचा देश हे करू शकला. आमचा तालुकाही डोंगराळ आणि छोट्या तुकड्यांचाच आहे.

दुधाचं थोडं वेगळं आहे, आणि तिथं मला आशा दिसते. कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे गोकुळ, 1963 मध्ये स्थापन झाला. गोठ्यातली वैरण, शेणघाण, धारा ही बायकांचीच. संस्थेचं बिल दहा दिवसांनी निघतं. उसाचं बिल वर्षातून एक-दोनदा येतं आणि सोसायटीच्या वजावटीत जिरतं, दुधाचं दहा दिवसांनी हातात पडतं. त्यावर पोरांच्या वह्या आणि घरचा किराणा चालतो. पुष्कळ गावांत आता फक्त महिलांच्या दूध संस्था आहेत, तिथं सभासद बाई, अध्यक्ष बाई, सही बाईची. पुढच्या निवेदनांत या बिलाचा उल्लेख वारंवार येतो, आणि प्रत्येक वेळी सांगणारीचा आवाज थोडा वर चढतो. अर्थात म्हैस ठेवायलाही वैरणीचं रान लागतं, आणि पहाटे गोठ्यात वाकूनच बाईचा दिवस सुरू होतो.

एक मोठा अपवाद माझ्या वाकण्याच्या सूत्राला आहे, तो लपवून चालणार नाही. ऊसतोड. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून टोळ्या येतात, आमच्या डोंगरकपारीतली माणसंही कोयता घेऊन बाहेर पडतात. तिथं गडीही वाकतो, बुडख्याशी वाकून ऊस तोडतो. मग बाई मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकते. म्हणजे वाकणं दोघांच्या वाट्याला आलं तेव्हा ओझं तिच्या डोक्यावर गेलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला, हिशेब कोयत्याला, आणि मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. तिचा वेगळा पगार असा नसतोच, त्यामुळं तो कमी की जास्त हा प्रश्नही उठत नाही. पालात, रानात, संडास नाही, आडोसा नाही. एक दिवस काम चुकलं तर खाडा, त्याची वजावट. पाळीचे चार दिवस या हिशेबात कुठं बसवायचे?

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्यानं समिती नेमली. पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्या आकड्यावर तेव्हा चर्चा झाली ती डॉक्टरांच्या लोभाची. ती व्हायलाच हवी होती. पण खाड्याची आणि आडोशाची चर्चा तितकी झाली नाही, आणि ज्या रानात ऊस तुटतो त्या रानाच्या गावांनी, म्हणजे आम्ही, ती अगदीच केली नाही. आमच्या गावाच्या माळावर दर वर्षी पालं पडतात. आम्ही त्यांना वाढं विकत घेण्यापुरतं ओळखतो. या पुस्तकात ऊसतोड बायकांची निवेदनं घ्यायची की नाही, त्या ‘आपल्या तालुक्याच्या’ आहेत का, अशी शंका एकीनं काढली होती. वर्षातले पाच-सहा महिने जी इथं राबते ती इथली नाही तर कुठली?

तालुक्याची पश्चिम बाजू जंगलाची. दाजीपूरचं अभयारण्य 1958 पासूनचं, महाराष्ट्रातल्या सगळ्यांत जुन्यांपैकी एक. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. गवा हे त्याचं वैभव, आणि तोच गवा रात्री नाचणीत, भातात, उसात शिरतो. पर्यटकांसाठी जे वैभव ते जळणाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईसाठी वाटेतलं भय आहे. तिच्या भीतीचा आणि जंगलाच्या राखणीचा मेळ घालता येईल असं मला मनापासून वाटतं. पण तो घालायला बसताना तिला बैठकीला बोलवावं लागेल.

आता थोडं भाषेविषयी. पुण्या-मुंबईच्या वाचकाला या निवेदनांत एक गोष्ट खटकेल. आमच्याकडच्या बायका ‘मी भांगलायला जाते’ म्हणत नाहीत, ‘मी जातो’ म्हणतात. ‘आलो’, ‘केलो’, ‘सांगितलो’ असंच बोलतात. ती चूक नाही, कोल्हापूरची बोली आहे. मीही गावी गेले की तशीच बोलते. छपाईच्या आधी हे सगळं प्रमाण मराठीत आणावं असा सल्ला मिळाला होता, तो आम्ही मानला नाही. तरवा, पैरा, इरलं, चिखल्या, खाडा, उक्तं हे शब्दही तसेच ठेवले आहेत. पैरा म्हणजे कामाची परतफेड: आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. पैऱ्यात पैसा नसतो आणि बाईच्या एका दिवसाची फेड बाईच्या एका दिवसानंच होते. धुवाधार पावसात एकमेकींची रानं लावून देणाऱ्या या बायकांनी हिशेब कधी कागदावर मांडला नाही आणि तो चुकलाही नाही. पैरा आता मोडत चालला आहे. ज्या निवेदनांत तो आहे ती मी पुन्हा पुन्हा वाचली.

निवेदनं देणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत. काहींची तशी इच्छा होती, काहींच्या घरच्यांची. ज्यांना नाव छापून हवं होतं अशाही काहीजणी होत्या. पण लहान गावात एकीच्या नावावरून दुसरी ओळखू येते, म्हणून त्यांची माफी मागून सगळ्यांचीच नावं वगळली. जन्मभर नाव कुठं लागलं नाही, पुस्तकातही लागू नये ना, असं त्यांच्यापैकी एकजण म्हणाली. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

एक सूचना वाचण्यापूर्वी. पावसाळ्यात कुणाला सवड नव्हती, उसाच्या दिवसांतही फारशी नव्हती. त्यामुळं बहुतेक बोलणं रात्री जेवणं उरकल्यावर झालं, नाहीतर तांदूळ निवडताना, शेंगा फोडताना, गोठ्याच्या दारात. बोलता बोलता बायका उठून जायच्या. म्हैस ओरडायची, पोर उठायचं, सासऱ्यांना गोळी द्यायची असायची, चुलीवरचं पाणी उकळायचं. परत येऊन त्या कधी तिथूनच पुढं सांगायच्या, कधी दुसरंच काही सुरू करायच्या. मजकूर सलग करून घ्यावा असं आधी वाटलं होतं. मग त्या उठून जाण्याच्या जागा आम्ही तशाच ठेवल्या. छापील पानावर जिथं दोन ओळींची जागा मोकळी दिसेल, तिथं सांगणारी कामाला गेलेली आहे.